दुसऱ्या पाळीची सही

मुलुंड पूर्वेला एका धर्मादाय ट्रस्टचं डायलिसिस केंद्र आहे. इमारत चार मजली. पहिल्या मजल्यावर बारा मशीन, चौथ्यावर ट्रस्टचं ऑफिस आणि हॉल. क्षमा नेरूरकर त्या पहिल्या मजल्याची इन-चार्ज होती. वय बेचाळीस, आवाज मोठा, चालणं भरभर. नऊ वर्षं ती तिथे होती आणि त्यातली सहा इन-चार्ज म्हणून.

तिचा राग सगळ्यांच्या ओळखीचा होता. पण खालच्या माणसांना त्याचं फारसं वाईट वाटत नसे, कारण तो बहुतेक वेळा त्यांच्यासाठीच असे. टेक्निशियनच्या सुट्ट्या अडवल्या, पेशंटना उभं ठेवलं, हातमोजे हलक्या प्रतीचे आले, की क्षमा तडक चौथ्या मजल्यावर जायची आणि काम करून घेऊनच उतरायची. लिफ्टची वाटही ती बघत नसे. ट्रस्टचे व्यवस्थापक नंदकुमार करंदीकर तिच्या पावलांचा आवाज ओळखत असत, असं स्वरदा हसत सांगायची. स्वरदा म्हणजे क्षमाच्या हाताखालची सगळ्यात हुशार टेक्निशियन, सव्वीस वर्षांची.

इन-चार्ज झाल्या झाल्या क्षमाने एक नियम केला होता. महापालिकेच्या पाण्यात क्लोरिन असतो. पिणाऱ्याला त्याचं काही होत नाही, पण डायलिसिसच्या मशीनमधलं पाणी रक्ताच्या अगदी शेजारून वाहतं, आणि त्यात क्लोरिन राहिला तर रक्तातल्या पेशी फुटायला लागतात. तो शोषून घ्यायला पाणी शुद्ध करायच्या प्लँटरूममध्ये कार्बनची एक टाकी असते. टाकी आपलं काम करते की नाही हे बघायचं तर काचेच्या नळीत पाणी घ्यायचं आणि त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं, तर क्लोरिन आहे. दोन मिनिटांचं काम. क्षमाचा नियम असा, की प्रत्येक पाळीआधी ही टेस्ट इन-चार्जने स्वतः करायची, रजिस्टरमध्ये सही करायची, आणि ती सही दिसल्याशिवाय एकही पेशंट मशीनला लावायचा नाही. सहा वर्षांत तो नियम एकदाही मोडला नव्हता.

त्या वर्षी कार्बन संपत आला होता. टेस्ट अजून ठीक येत होती, पण क्षमाने जानेवारीत नव्या कार्बनसाठी पत्र दिलं, फेब्रुवारीत दुसरं, मार्चमध्ये तिसरं. उत्तर एकाचंही नाही. मार्चअखेरीला ट्रस्टला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती, आणि वरची सगळी माणसं त्या सोहळ्याच्या मागे होती. जिन्यात फलक लागले, लॉबीत पेशंटच्या बाकांच्या जागी फुलांच्या कुंड्या आल्या. क्षमाने कुंड्या उचलायला लावून बाकं परत मांडली. दुसऱ्या दिवशी कुंड्या पुन्हा आल्या.

रविवारी सोहळा, त्याच्या आधीच्या शुक्रवारची गोष्ट. पाइपलाइनच्या कामासाठी सकाळपासून नळाचं पाणी बंद होतं, म्हणून दहा वाजता टँकर मागवला. टँकरचं पाणी टाकीत घेतलं ते धाकूने. धाकू वेंगुर्ल्याकडचा, साठीला आलेला अटेंडंट. प्लँटचे व्हॉल्व्ह उघडणं, बंद करणं हे त्याचं काम. पावणेअकराला, पहिल्या पाळीचे पेशंट निघत असताना, तो क्षमाच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "मॅडम, पाण्याक वास येता. टेस्ट नीट बघा तुम्ही."

"बघते," क्षमा म्हणाली, आणि उठलीसुद्धा. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नंदकुमारांचा मेसेज होता: स्वरदा आणि निलेश यांना स्वागतगीताच्या तालमीसाठी अकरा ते एक हॉलमध्ये पाठवावे.

अकरा ते एक म्हणजे ऐन दुसऱ्या पाळीत. बारा पेशंट आणि चार टेक्निशियन. त्यातले दोन गाणं म्हणायला.

क्षमाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तिने ड्रॉवरमधून तिन्ही पत्रांच्या प्रती काढल्या. आज या माणसाला सोडायचं नाही, असं ती मोठ्याने म्हणाली आणि स्वरदाला सांगितलं की कुणीही वर जायचं नाही, पाळी वेळेवर सुरू करा, मी आलेच. तिच्यामुळे पाळी अडायला नको होती, म्हणून तिने रजिस्टर पुढे ओढलं, वेळेच्या रकान्यात १०.५० लिहिलं, निकालाच्या रकान्यात 'निल', म्हणजे क्लोरिन नाही, आणि सही केली. टेस्ट जाता जाता करू, हे तिच्या डोक्यात होतं. प्लँटरूमचं दार डावीकडे होतं, जिना उजवीकडे. ती उजवीकडे वळली.

वर नंदकुमार भेटले नाहीत. ते हॉलमध्ये सजावटवाल्याशी बोलत होते. शिपायाने तिला बसायला सांगितलं. क्षमा बसली. वीस मिनिटं ती त्या केबिनबाहेर बसून होती, मांडीवर पत्रं घेऊन, काय काय बोलायचं ते मनात पुन्हा पुन्हा घोळवत. त्या वीस मिनिटांत खाली जाऊन, टेस्ट करून ती दोनदा परत आली असती. तसं एकदा मनात आलंही. पण आता उठले तर हा माणूस म्हणणार, बाई आली आणि गेली. ती उठली नाही.

शेवटी नंदकुमार आले आणि दोघांची जुंपली. क्षमाने विचारलं की पेशंटच्या अंगात सुया असताना माझी माणसं गाणं म्हणायला मागता, तुम्हाला काही वाटतं का? नंदकुमार म्हणाले, सोहळ्याला देणगीदार येणार आहेत, त्यांच्यामुळेच हे केंद्र चालतं. क्षमाने पत्रं टेबलावर आपटली. त्यांनी ती न वाचता बाजूला सरकवली आणि कार्बनचं सोमवारनंतर बघू म्हणाले. तुमचे डॉक्टरही सहकार्य करतायत, तुम्हालाच काय अडचण आहे, असंही विचारलं. तेव्हा क्षमाला कळलं की केंद्राचे ड्यूटी डॉक्टर देवव्रत शेजारच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसलेत, ट्रस्टच्या फिल्मसाठी चार शब्द बोलायला. तिचा आवाज आणखी चढला.

तिचा फोन थरथरला. स्वरदा. क्षमाने तो कट केला, कारण ती वाक्याच्या मध्यावर होती. फोन पुन्हा आला. पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा तिने फोन पालथा ठेवला.

मग दार उघडलं. दारात धाकू होता. तीन मजले चढून त्याचा श्वास वर आला होता, आणि त्या केबिनमध्ये तो आयुष्यात कधी आला नव्हता. त्याने नंदकुमारांकडे पाहिलंही नाही.

"मॅडम, खाली चला. तेरेसा आंटीचं रक्त काळा पडलाहा."

तेरेसा डाबरे कांजूरगावच्या. वय त्रेसष्ट, पोस्टात आयुष्यभर नोकरी केलेली बाई. आठवड्यातून तीनदा यायच्या आणि चार तास सगळ्यांना बोलतं ठेवायच्या. क्षमा खाली पोचली तेव्हा त्या पाठ दाबून धरत होत्या, ओठ पांढरे झाले होते. त्यांच्या नळीतलं रक्त नेहमीचं नव्हतं. जांभळाच्या रसासारखं गडद आणि आरपार दिसणारं झालं होतं. पलीकडे चौथ्या मशीनवरचा माणूस छाती चोळत होता. दहाव्या मशीनवरची बाई उलटी करत होती.

क्षमाला एका क्षणात सगळं कळलं. प्लँटरूमचं दार, दोन थेंब, पिवळं पाणी.

त्यानंतरची दहा मिनिटं तिने जे केलं ते नेमकं केलं. सगळे पंप बंद करायला लावले, सगळ्या नळ्या चिमट्यांनी बंद करायला लावल्या, आणि नळीतलं रक्त कुणाच्याही अंगात परत जाता कामा नये हे तीनदा ओरडून सांगितलं. डॉक्टर देवव्रत गळ्यातला माइक काढत धावत आले, त्यांना तिने थेट तेरेसांपाशी उभं केलं. ॲम्ब्युलन्स बोलावली. बारापैकी पाच जणांना त्रास झाला होता. तेरेसा आणि चौथ्या मशीनवरचे गृहस्थ अशा दोघांना मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागलं.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर ती स्वरदावर तुटून पडली. वास येतोय हे धाकूने सांगितलं होतं, तुला वास आला नाही? सुरू केलंसच कसं?

स्वरदाने उत्तर दिलं, पण आवाज अजिबात वाढवला नाही. "धाकूकाका मलाही म्हणाले होते. मी रजिस्टर बघितलं, ताई. तुमची सही होती."

प्लँटरूममध्ये जाऊन क्षमाने नळी भरली आणि थेंब टाकले. पाणी हळदीसारखं पिवळं झालं. ती नळी हातात धरून ती बराच वेळ तिथे उभी होती. तिला तो टँकरवाला दिसत होता, ज्याने पाण्यात हात सैल सोडून क्लोरिन ओतला असणार. नंदकुमार दिसत होते, वाचायच्या आधीच बाजूला सरकवलेली पत्रं दिसत होती. त्या सगळ्यांवर तिला राग येत होता, आणि तो खोटा नव्हता. पण स्वरदाचं वाक्य त्या सगळ्यांच्या पुढे येऊन उभं राहत होतं.

संध्याकाळी ती हॉस्पिटलात गेली. तेरेसा अतिदक्षता विभागात होत्या, रक्त चढवणं चालू होतं. बाहेर त्यांचा मुलगा रोनाल्ड बसला होता. तिला पाहताच तो उठला. त्याने एवढंच विचारलं की हे कुणामुळे झालं. क्षमा म्हणाली, चौकशी होईल. वाक्य तोंडातून बाहेर पडताच ते तिला नंदकुमारांचं वाटलं. रोनाल्ड म्हणाला, मग चौकशी झाल्यावर या, आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदकुमारांनी तिला बोलावलं. या वेळी बाहेर बसवलं नाही, चहाही मागवला. सोहळा पंधरा दिवस पुढे ढकललाय म्हणाले. मग मुद्द्यावर आले. सोमवारी विश्वस्तांसमोर चौकशी आहे, बाहेरच्या एक किडनीतज्ज्ञ डॉक्टरही असतील. क्षमाची सही रजिस्टरमध्ये आहे, आणि तिची तीन पत्रं ट्रस्टच्या फाइलमध्ये आहेत. दोन्ही गोष्टी बाहेर आल्या तर दोघांचंही नुकसान आहे.

"त्यापेक्षा असं बघा," ते म्हणाले. "टँकर धाकूने घेतला. पाण्याला वास होता, तो त्याला कळायला हवा होता. त्याने तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही टेस्ट परत केली असती. साधी गोष्ट आहे. तो तसाही सहा महिन्यांत निवृत्त होतोय."

"त्याने सांगितलं होतं."

"कुणाला? तुम्हा दोघांनाच ठाऊक आहे ना?"

आयुष्यात क्षमाला इतका राग कधी आला नव्हता, आणि नवल म्हणजे आवाज वर येईना. हा माणूस तिला जे देऊ करत होता ते देऊ करायची हिंमत त्याला तिच्याच सहीमुळे झाली होती. तिने चहा तसाच ठेवला आणि ती निघाली.

शनिवार-रविवारी घरी बसून तिने चौकशीत बोलायचं सगळं लिहून काढलं. पहिल्या मसुद्यात पत्रं होती, तारखा होत्या, तालमीचा मेसेज होता, कॅमेऱ्यासमोरचे डॉक्टर होते. दोन पानं भरली. वाचून बघितलं तर सगळं खरं होतं आणि त्यात ती स्वतः कुठेच नव्हती. तिने ती पानं फाडली नाहीत, पण त्यांच्या वर ठेवायला आणखी एक पान लिहिलं.

सोमवारी हॉलमध्ये टेबलामागे तीन विश्वस्त, त्या बाहेरच्या डॉक्टर आणि बाजूला नंदकुमार. धाकूला आधी बोलावलं होतं. तो दाराशी उभा होता, हात मागे बांधून. नंदकुमारांनी सुरुवात त्याच्यापासूनच केली. टँकरचं पाणी तूच घेतलंस ना, वास आला होता का, असं विचारलं. धाकू हो म्हणाला. मग कुणाला सांगितलंस का, असा प्रश्न आला. धाकूने क्षमाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिचं नाव त्याने घेतलं नाही. ती त्याची इन-चार्ज होती, आणि तिला अडचणीत आणणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

क्षमा उभी राहिली. "त्याने मला सांगितलं होतं. पावणेअकराला, माझ्या टेबलापाशी. मी बघते म्हणाले आणि बघितलं नाही. टेस्ट न करता मी सही केली. त्या सहीवर विश्वास ठेवून माझ्या माणसांनी पाळी सुरू केली. त्यांनी मला तीनदा फोन केला, मी घेतला नाही."

बाहेरच्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "का घेतला नाही?"

"मी वर भांडत होते."

मग तिने पत्रं पुढे केली आणि म्हणाली की तीन महिने कार्बन न देणं ही ट्रस्टची चूक आहे आणि ती मी लेखी मांडते आहे. पण कार्बन संपला की टेस्ट पिवळी येते आणि पाळी थांबते. टेस्ट त्यासाठीच असते. ती माझ्या हातात होती. शनिवारी मला धाकूचं नाव पुढे करायला सांगण्यात आलं, हेही नोंदवून घ्या.

नंदकुमार काहीतरी बोलायला लागले. त्या डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही थांबा," आणि पत्रं एकेक करून, तारखांसकट, मोठ्याने वाचली.

निकाल आठ दिवसांनी आला. क्षमाला इन-चार्ज पदावरून काढलं. टेक्निशियन मिळत नाहीत म्हणून नोकरी ठेवली. स्वरदाला इन-चार्ज केलं. धाकूवर काही आलं नाही. नंदकुमारांना लेखी समज मिळाली आणि ते त्याच केबिनमध्ये राहिले. नवा कार्बन चार दिवसांत आला. जानेवारीपासून जे होत नव्हतं ते चार दिवसांत झालं, हे बघून क्षमाला इतका संताप आला की गोणी उतरवणाऱ्या माणसांसमोर तिचे डोळे भरून आले. सोहळाही पुढे ढकललेल्या तारखेला झाला. पहिल्या मजल्यावरून कुणी गेलं नाही. स्वरदाने पाळीचं वेळापत्रक वर पाठवलं आणि खाली एक ओळ लिहिली, की या वेळात माणसं मिळणार नाहीत. ती स्वतः वर गेली नाही. क्षमाने ते पाहिलं. आपण सहा वर्षं एवढे जिने का चढलो, असं तिच्या मनात आलं, आणि स्वरदाचा थोडा रागही आला.

तेरेसा तीन आठवड्यांनी परत आल्या. त्यांना दुसरीकडे जागा मिळाली नव्हती. रोनाल्डने त्यांना धरून आणलं. चेहरा उतरला होता, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. स्वरदाने त्यांना सातवं मशीन दिलं. सात नंबरवर त्या दिवशी क्षमा होती.

क्षमा त्यांच्यापाशी गेली आणि म्हणाली की दुसरं कुणी हवं असेल तर सांगा, मी बदलून देते. तेरेसा खुर्चीत बसल्या, चप्पल काढली, पदर नीट केला.

"तू त्या टायमाला वर काय करत होतीस गो?"

"भांडत होते, आंटी."

"कोणासाठी?"

क्षमाला उत्तर द्यायचं नव्हतं, पण त्या बघत होत्या. "तुमच्यासाठीच. माणसं कमी करू नका म्हणून. कार्बन द्या म्हणून."

"मी तर खाली होते," तेरेसा म्हणाल्या.

त्यांचा आवाज मोठा नव्हता. शेजारच्या मशीनवरच्या पेशंटलाही तो ऐकू गेला नसेल. क्षमाने माफी मागायला तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला. माफी नको, म्हणाल्या. माझ्या पोराने चार दिवस हॉस्पिटलच्या बाकावर काढले, तू काय बोलणार त्यावर? मी अजून रागावलेली आहे आणि राहणार. मग त्यांनी डावा हात पुढे केला.

"सुई लाव. आणि आज माझ्याशी बोलू नकोस."

क्षमाने रजिस्टर उघडून स्वरदाची सही पाहिली. मग स्वरदाने टेबलावरून बघितलं तरी तिची पर्वा न करता प्लँटरूममध्ये गेली, स्वतः नळी भरली, थेंब टाकले. पाणी पाण्यासारखंच राहिलं. परत येऊन तिने हात धुतले, हातमोजे चढवले आणि दोन्ही सुया लावल्या. तेरेसांनी डोळे मिटून घेतले.

चार तास दोघी बोलल्या नाहीत. क्षमा दर अर्ध्या तासाने येऊन रक्तदाब घेत होती, नळीकडे बघत होती, आकडे लिहीत होती. सुया काढल्यावर तिने दहा मिनिटं कापूस दाबून धरला. रोनाल्ड चप्पल सरळ करून द्यायला वाकला. तेरेसा उठल्या, टेबलापाशी थांबून स्वरदाला म्हणाल्या, बुधवारी येते, आणि मुलाचा हात धरून लिफ्टकडे गेल्या.